मामा, खाली गेलेलं परत येतं

देवरावमामा,

आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा अधिकार माझा नाही. आपल्या भूशास्त्र विभागात असे सर आहेत ज्यांच्या पीएचडीच्या सगळ्या स्लाइड तुम्ही घासून दिल्या, ज्यांच्या लग्नात तुम्ही पंगत वाढली. मी तुम्हाला जेमतेम चार सेमिस्टर ओळखत होतो. विभागाच्या अंकात तुमच्यावर एक लेख असावा असं ठरलं, तेव्हा सर म्हणाले, तू लिही, तू कटिंग रूममध्येच पडलेला असायचास. मी आधी नको म्हणालो. मग घरी जाऊन विचार केला आणि हो म्हणून कळवलं, कारण एप्रिलमधल्या एका दुपारी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी त्याचं उत्तर ‘नाही’ असं दिलं होतं. ते उत्तर मला परत घ्यायचं आहे. कुठे घ्यायचं ते कळत नाही, म्हणून इथे लिहितो.

माझं मराठीही फार चांगलं नाही. तुमच्याशी बोलायचो तसं लिहिलं असतं तर सोपं गेलं असतं, पण छापायचं म्हणून जपून लिहितो आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, काहून एवढा शुद्ध बोलून राहिला गा, तब्येत बरी आहे ना.

पहिलं प्रॅक्टिकल आठवतं. मी सावनेरकडून एसटीने आलो होतो, उशीर झाला होता. सगळे मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते आणि सरांनी काही विचारलं की यस सर म्हणत होते. मला काहीच दिसत नव्हतं. एक डोळा मिटला की दुसराही आपोआप मिटायचा. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे मला वाटलं, हे असंच असणार, मला जमणार नाही. तुम्ही स्लाइडचा डबा ठेवायला आलात आणि माझ्याकडे न बघता हळूच बोललात, “डोया मिटू नको. दोन्ही उघडे ठेव. एकानं दुनिया पाहा, एकानं गोटा.” मी दोन्ही उघडे ठेवले. थोड्या वेळाने दुनिया पुसट झाली आणि दगडात रंग दिसायला लागले.

त्या दिवसापासून मी कटिंग रूममध्ये यायला लागलो.

ज्यांनी ती खोली पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगड आतून बघायचा तर त्यातून उजेड जावा लागतो, आणि उजेड जायला तो कागदाहून पातळ करावा लागतो. मामा पाण्याखाली फिरणाऱ्या पात्यावर दगडाची चकती कापायचे, ती काचेवर चिकटवायचे, आणि मग दुसऱ्या मोठ्या काचेवर कार्बोरंडमची पावडर आणि पाणी घेऊन बोटांनी घासत बसायचे. तासन् तास. दगड मध्येच उचलून उजेडासमोर धरायचे आणि परत घासायचे. मोजायचं यंत्र होतं, पण ते कपाटात. तुमची बोटंच सांगायची. आणि एकदा का बोट जास्त फिरलं, की काचेवर काहीच उरायचं नाही. गढूळ पाणी तेवढं. तेव्हा तुम्ही एकच शब्द म्हणायचात. “खपला.”

तुम्ही आधी लकडगंजला आरा मशीनवर होता, हे तुम्हीच सांगितलं. उजव्या हाताच्या एका बोटाचं टोक तिथेच राहिलं. लाकूड कापताना आत वर्षं मोजता येतात, गोट्यात तशी मोजता येत नाहीत, एवढाच फरक, असं तुम्ही म्हणायचात. नाका-तोंडावर दुपट्टा बांधून बसायचात. सगळं नागपूर उन्हासाठी बांधतं, तुम्ही बारा महिने बांधायचात. तरी खोकायचात. मी मास्क आणून दिला तर तो खिळ्याला टांगून ठेवला आणि म्हणालात, राहू दे, पाहुन्यायसाठी.

मग माझा सेमिनार आला. विषय मिळाला होता भूपट्टांचा: पृथ्वीचं कवच कुठे तयार होतं आणि कुठे नाहीसं होतं. बोलायचं इंग्रजीत होतं. मला घाम फुटला. तुम्ही म्हणालात, पहिले मले सांग, मले समजलं तं सायबायले समजंल. मी वही उघडून सुरुवात केली की पृथ्वीचं कवच अखंड नाही, त्याच्या प्लेट आहेत. तुम्ही घासता घासता थांबलात.

“कोनत्या प्लेटा गा? तर्रीपोह्याच्या?”

मी हसलो आणि माझी भीती थोडी गेली. मग मी सांगत गेलो. समुद्राच्या मधोमध प्लेटा एकमेकींपासून सरकतात, त्या फटीत खालून तापलेला रस वर येतो, थिजतो आणि नवा तळ होतो. तो तळ हळूहळू दूर सरकत जातो, थंड होतो, जड होतो. दुसऱ्या टोकाला कुठेतरी तो वाकतो आणि दुसऱ्या प्लेटेखाली घुसून परत पृथ्वीच्या पोटात जातो. जेवढं एकीकडे बनतं तेवढं दुसरीकडे जातं, म्हणून पृथ्वी मोठी होत नाही. जमीन मात्र हलकी असते, ती सहसा बुडत नाही, म्हणून जुने दगड जमिनीवर सापडतात आणि समुद्राचा तळ त्या मानाने नवाच असतो.

म्हंजे समुद्र जवान आन् आपन म्हातारे, असं तुम्ही म्हणालात.

किती वेगाने सरकतात, हेही तुम्ही विचारलं होतं. मी पुस्तकातलं सांगितलं, नखं वाढतात तेवढ्या. तुम्ही दोन्ही हात पाण्यातून काढून माझ्यासमोर धरलेत. नखं बोटांच्या मांसापर्यंत झिजलेली होती, काचेवर घासून घासून. तुम्ही म्हणालात, माही तं वाढूनच नाही राहिली. मग स्वतःच बघत राहिलात आणि म्हणालात, वाढत असतीन, वाढते तेवढी जाते. सरांच्या पुस्तकात एका आख्ख्या प्रकरणात जे होतं ते तुम्ही दहा नखांवर दाखवलंत. मी ते वहीत लिहून घेतलं.

एका शब्दावर मात्र आपण अडलो. समुद्राचा तळ खाली जातो त्याला इंग्रजीत कन्झ्यूम होतो म्हणतात. मराठी पुस्तकात ‘विनाश’ लिहिलं होतं. तुम्हाला पटलं नाही. विनाश म्हंजे एकदम झाला पाहिजे, पुरासारखा, हे तं हळूहळू होऊन राहिलं. बराच वेळ घासत बसलात आणि मग म्हणालात, खपते म्हन. दुकानात माल खपते. मानूस कामात खपते. आन् एक दिवस मानूसच खपते. मला तो शब्द इतका आवडला की सेमिनारमध्ये इंग्रजी बोलता बोलता अडकलो तेव्हा तोच तोंडातून निघाला, क्रस्ट खपते. वर्ग हसला. सरही हसले, पण म्हणाले, बरोबर आहे. त्या सेमिनारला मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. घरी बाबांना सांगितलं. ते खाणीत उतरतात. ते म्हणाले, जमीन हलते हे सांगाले कालेज काहून लागते, आमचं छत रोज कुरकुरते. पण त्यांनी आईला दोनदा सांगितलं, पोट्टा पहिला आला.

इथूनच माझं बिघडलं, मामा. मला वाटायला लागलं, मला माहीत आहे.

एप्रिलमधली ती दुपार. कूलरमध्ये पाणी नव्हतं, बाहेर रस्त्यावर माणूस नव्हता. तुम्ही माझ्याच सॅम्पलची स्लाइड घासत होता आणि ती तुमच्या हातून गेली. मी तुमच्याकडून असं कधी होताना पाहिलं नव्हतं. तुम्ही नेहमीचा शब्दही म्हणाला नाहीत. काच धुतलीत, पुसलीत, उजेडासमोर धरून रिकाम्या काचेकडे बघत राहिलात. मी म्हणालो, जाऊ द्या मामा, दुसरा तुकडा आहे. तुम्ही विचारलंत:

“हे जे खाली जाते म्हनतं तू, ते परत वर येते का नाही?”

मी वही न बघता बोललो. मला अजून आठवतं की मी स्टुलावर जरा सरळ झालो होतो. मी म्हणालो, नाही मामा. लोकांना वाटतं तेच वितळून ज्वालामुखीतून वर येतं, पण तसं नाही. त्याच्यातलं पाणी सुटतं, त्या पाण्याने वरचा दगड वितळतो, आणि वर येतो तो रस वेगळाच. खाली गेलं ते गेलं. वर येते ते दुसरंच असते.

“तेच नसते?”

“नाही.”

“बराबर,” तुम्ही म्हणालात. मग दुसरा तुकडा मागितलात.

तीन-चार दिवसांनी ऑफिसातल्या शालूताईंशी बोलताना मला कळलं. तुमची मुलगी वैशाली दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती, आणि त्या दिवशी तिची तिथी होती. तुम्ही रजा घेतली नव्हती. तुमच्या सुनेला तेव्हा सातवा लागला होता, आणि घरातले सगळे म्हणत होते की वैशालीच परत येऊन राहिली. मामी तिच्या जुन्या फ्रॉकची दुपटी शिवत होत्या. शालूताई म्हणाल्या, देवराव बोलत नाही, पण एवढ्यातच जरा हसाले लागला होता गा. मी त्यांना सांगितलं नाही की मी काय बोललो होतो.

आमच्या गावातही असं मानतात. घरातलं माणूस गेलं आणि मागोमाग मूल झालं की त्याला गेलेल्याचं नाव लावतात. माझे काका आजोबा गेल्यावर जन्मले, म्हणून त्यांना आजोबांचंच नाव आहे, आणि आजी स्वतःच्या त्या मुलाचं नाव घ्यायची नाही, अहो-जाहो करायची. ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. तरी त्या दुपारी तुम्ही दगडाबद्दल विचारत नाही आहात, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी शिकलो नसतो तर कदाचित आलं असतं.

मी माफी मागायला तीनदा आलो, मामा. एकदा तुम्ही पात्याचा पट्टा बदलत होता. एकदा तुम्ही मला जवस आणि कांद्याची चटणी भाकरीवर घालून दिलीत आणि खाता खाता माझ्या परीक्षेचं विचारत राहिलात. तिसऱ्यांदा मी सुरुवात केली, मामा, त्या दिवशी मी जे बोललो. तुम्ही म्हणालात, काय चुकीचं बोलला तू? पुस्तकात आहे ना? मी हो म्हणालो. खरंच होतं पुस्तकात. खोटं सांगितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, कारण दगडाबद्दल खोटं बोलणारा तुम्ही लगेच ओळखायचात. आणि खरं तर मी सांगून बसलोच होतो. दोन्ही बाजूंनी वाट बंद होती. ती आजही बंद आहे.

आता कटिंग रूमला कुलूप आहे. तुमच्या जागी माणूस भरणार नाहीत असं ऐकतो. सॅम्पल बाहेरगावी पाठवायची, तिथे मशीन सगळं करतं. बरं करत असेल. माझ्या मागून येणाऱ्या मुलांना कोण सांगेल की डोळा मिटू नका, मला माहीत नाही. मला माफ करा, पण या लेखात मी धीर देणारं काही लिहू शकत नाही. मी प्रयत्न केला, खोडलं.

जूनमध्ये आम्ही फील्डला लडाखला निघालो. आदल्या दिवशी हातोडी घ्यायला आलो तेव्हा तुम्ही जुने पेपर आणि मार्कर काढून ठेवले होते. सॅम्पल तोडलं की आधी नंबर टाक, असं बजावलंत. नंबर नसला तं गोटा कोनाचाच नाही. मी विचारलं, सूनबाई कशी आहे. तुम्ही म्हणालात, आज-उद्याच. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. दुपट्टा बांधलेला होता.

तिथे एका तळ्याच्या काठी सर आम्हाला एका उघड्या खडकापाशी घेऊन गेले. आपला देश उत्तरेकडे सरकत असताना मधला समुद्र सगळा खाली खपला, हे मला माहीत होतं. सर म्हणाले, समुद्राच्या मागोमाग आपल्या जमिनीची कडही खाली ओढली गेली होती, आपण विचारही करू शकत नाही इतकी खोल. पण ती हलकी होती. तिला खाली राहवलं नाही. ती परत वर आली. तुम्ही जिच्यावर उभे आहात तीच ही.

मी दोनदा विचारलं. सर, म्हणजे वितळून दुसरी झाली? सर म्हणाले, नाही, वितळली नाही. तीच आहे. आतली खनिजं बदलली, इतकं दाबाखाली राहिल्यावर बदलणारच, पण दगड तोच. गेला होता, आला.

सगळे फोटो काढत होते. मी बाजूला जाऊन बसलो. माझ्या हातात लाल गार्नेटचे ठिपके असलेला तुकडा होता. म्हणजे मी चुकीचं सांगितलं होतं, मामा. अर्धवट शिकून, छाती फुगवून, चुकीचं. सगळं परत येत नाही, फारच थोडं येतं. पण येतं, आणि तेच येतं. मी फोन काढला आणि तुम्हाला आवाजात निरोप भरला. वारा होता, म्हणून ओरडून बोललो. म्हणालो, “मामा, मी चुकलो. खाली गेलेलं परत येते. तेच येते. मी हातात धरून बसलो आहे. तुमाले आनून देतो, तुमी कापून पाहा.” तोवर रडल्यासारखा झालो होतो, म्हणून शेवटी काहीतरी थट्टा केली, दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं असं काहीतरी.

नेटवर्क नव्हतं. निरोप तसाच अडकून राहिला. पुढचे चार दिवस मी रोज बघायचो. गेलेला नसायचा.

लेहला परत आलो तेव्हा बसमध्ये सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले. माझा निरोप गेला. थोड्या वेळाने त्याच्यावर निळ्या खुणा आल्या. तुम्ही ऐकलात. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या मुलाला सांगितलं, मामानं ऐकलं. विभागाच्या ग्रुपवर कितीतरी मेसेज येऊन पडले होते, मी ते उघडलेच नाहीत. तेवढ्यात तुमचाच फोन आला. स्क्रीनवर तुमचं नाव होतं. मी उचलला आणि विचारलं, मामा, ऐकलं का?

पलीकडे बाई होत्या. त्यांनी विचारलं, कोन बोलून राहिला गा तू. मी नाव सांगितलं. त्या ओळखून म्हणाल्या, हो, ते नाव घेत तुह्यं. तो निरोप त्यांनी तीनदा ऐकला होता. गोट्याचं त्यांना समजलं नव्हतं. तुह्यं काय चुकलं बापू, असं त्यांनी विचारलं. त्या मामी होत्या. मग त्यांनी सांगितलं.

“ते तं सोमवारी गेले गा. छातीत दाटलं, दवाखान्यात नेताच आलं नाही. त्याच्या चार रोज आंधी नात झाली. आमी समद्यायनं वैशाली म्हनलं. मी त्यायच्या मांडीवर दिली, म्हनलं, घ्या, आली तुमची. ते म्हने, नाही वं, हे दुसरी आहे. मी किती म्हनलं, एकदा तं हाक मारा. नाही मारली, बाप्पा. चार रोज मांडीवर घेऊन बसले, पन नाव नाही घेतलं.”